तारण सर्वांचे की विश्वास ठेवणाऱ्यांचे: हा प्रश्न घरसभेत अभ्यासाला कसा घ्यावा

दादर पश्चिमेला ज्याला सगळे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात, त्याचे खरे नाव ‘अवर लेडी ऑफ साल्वेशन’, म्हणजे तारणाची माता, असे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पहिले चर्च उभे राहिले आणि आज दिसणारी इमारत चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७० च्या दशकात बांधली गेली. त्या दारावरून मंगळवारी पहाटे सिद्धिविनायकाकडे अनवाणी निघालेली माणसेही जातात. तारण नेमके कोणाचे, हा प्रश्न मुंबईतल्या ख्रिस्ती माणसाला बहुधा अशा शेजारातूनच पडतो.

आमच्या परळच्या घरसभेत तो एका निवृत्त परिचारिकेने विचारला. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. १९८२ च्या गिरणी संपात त्यांचे वडील घरी बसले होते, तेव्हा चाळीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एक माळकरी बाई रोज संध्याकाळी पितळी डबा फडक्याने झाकून त्यांच्या उंबऱ्याच्या आत सरकवून जात. डब्यात चार भाकऱ्या आणि पिठले असे, आणि वडिलांना ओशाळे वाटू नये म्हणून त्या दार वाजवत नसत. गेल्या पावसाळ्यात नव्वदी ओलांडून त्या वारल्या. ‘‘ख्रिस्तावर त्यांचा विश्वास नव्हता, विठोबावर होता. मग आता त्या कुठे आहेत?’’ एवढेच सिस्टरबाईंनी विचारले आणि पाच मिनिटांत बैठकीचे तीन तट पडले. एकाने योहान १४:६ काढले (‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’), दुसऱ्याने १ तीमथ्य २:४ काढले (सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे), आणि तिसऱ्याने ‘देव प्रीती आहे’ असे म्हणून विषय मिटवून टाकण्याचा प्रयत्न केला. बैठक मी चालवत होतो आणि माझी तयारी काहीही नव्हती. त्यानंतर हाच विषय मी आणखी तीन गटांत घेतला. त्यांपैकी एकात मराठी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळी एकत्र होती. पुढे सांगितलेली पद्धत त्या चार बैठकींत ठेच खाऊन बसलेली आहे.

प्रश्नाचा गुंता आधी उकलावा

पवित्र शास्त्र उघडण्यापूर्वी फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर चार वेगळे प्रश्न लिहावेत. ख्रिस्ताचे मरण कोणासाठी होते? तारण होते ते कोणाच्या बळावर? ते एकेका माणसापर्यंत पोहोचते कसे, आणि त्यासाठी ख्रिस्ताचे नाव ऐकून त्याचा जाणीवपूर्वक स्वीकार करणे अपरिहार्य आहे काय? आणि अखेरीस कोणी कायमचा बाहेर राहील काय? वाद पेटतो तो बहुतेक वेळा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवल्यामुळे. ‘ख्रिस्तावाचून तारण नाही’ हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते ठामपणे देणारे अनेक धर्मपंडित तिसऱ्या प्रश्नाला ‘तसे अपरिहार्य नाही’ असे म्हणतात. उलट अठराव्या शतकातील जॉन वेस्ली यांच्यासारखा इंग्रज उपदेशक ख्रिस्त सर्वांसाठी मेला हे कंठरवाने सांगत असे, पण त्या तारणाचा लाभ विश्वासानेच होतो यावरही तेवढाच ठाम असे.

येथे एक गंमत गटाच्या लक्षात आणून द्यावी. १६१८–१९ मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने ठरवले की ख्रिस्ताच्या बलिदानाचे मोल साऱ्या जगाला पुरेसे असले, तरी ते फलद्रूप होते ते देवाने निवडलेल्यांच्याच ठायी. ही कॅल्विनपंथी (सोळाव्या शतकातील सुधारक जॉन कॅल्विन यांना मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांची) भूमिका आणि ‘अखेरीस सर्वांचेच तारण होईल’ ही सार्वत्रिक तारणाची भूमिका एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकांना वाटतात. परंतु देवाने ज्याला तारायचे ठरवले तो तरतोच, त्याची इच्छा कोणी मोडू शकत नाही, हे दोघींचे गृहीतक एकच आहे. एक म्हणते, त्याने काहींना तारायचे ठरवले. दुसरी म्हणते, सर्वांना. या दोघींच्या मधे उभे असणारे लोक म्हणतात की देवाची इच्छा सर्वांसाठी आहे, पण माणूस नकार देऊ शकतो. गटातील प्रत्येकाला आपण या तिघांपैकी कोणाच्या जवळ आहोत हे मनात ठरवायला सांगावे, मोठ्याने विचारू नये. आणि सिस्टरबाईंचा प्रश्न फळ्यावरच्या चारांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा आहे, चौथ्या नव्हे, हे तेव्हाच सांगून टाकावे. निम्मा गोंधळ तिथे ओसरतो.

तीन शब्द

‘तारण’ हा शब्द प्रथम घ्यावा, कारण मुंबईत तो सर्वांत ठळक अक्षरांत दिसतो तो सहकारी बँकांच्या पाटीवर: ‘सोने तारण कर्ज’. माझ्या एका गटात पत्नीबरोबर आलेल्या हिंदू तरुणाने अर्धा तास हा अर्थ धरूनच सारे ऐकले होते. आम्ही हसलो, पण त्याच्या चुकीने आमचे कामच झाले. १ तीमथ्य २:६ मध्ये ख्रिस्ताने सर्वांसाठी स्वतःला खंडणी म्हणून दिले असे म्हटले आहे, आणि तेथील मूळ ग्रीक शब्द गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी भरायच्या मोलाच्या शब्दकुळातला आहे. गहाण पडलेला दागिना सोडवून आणणे ही कल्पना त्यापासून फार दूर नाही. त्याच वेळी कीर्तनात वाढलेल्या मराठी कानाला ‘तारण’ म्हटले की भवसागर तरून जाणे आठवते आणि तो मनात ‘मोक्ष’ असे भाषांतर करून मोकळा होतो. तेथे थांबवावे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका ही एक गोष्ट आणि पाप व मृत्यू यांच्या सत्तेतून सुटून देवाशी समेट व देहाचे पुनरुत्थान ही दुसरी गोष्ट. ‘माळकरी बाईंचे तारण झाले काय’ असे विचारताना आपण त्यांना स्वतःला हवी असलेली गोष्ट विचारत आहोत की आपल्याला हवी असलेली, हेही एकदा तपासावे.

दुसरा शब्द विश्वास. प्रॉटेस्टंट मंडळी ‘विश्वास’ म्हणतात, कॅथलिक मंडळींच्या तोंडी ‘श्रद्धा’ अधिक असते, आणि मूळ ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दात मान्य करणे, भिस्त ठेवणे आणि निष्ठेने राहणे या तिन्ही छटा आहेत. केवळ मान्य करणे पुरत नाही हे याकोबाचे पत्र २:१९ मध्ये खोचकपणे सांगते: देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. मी येथे शस्त्रक्रियेचे उदाहरण देतो. डॉक्टर निष्णात आहेत हे नातेवाईकांना ठाऊक असते, त्यांची ख्याती साऱ्या वॉर्डाने ऐकलेली असते. पण संमतीपत्रावर सही करून जो टेबलावर आडवा होतो, त्याने विश्वास ठेवला. मात्र बरे करतात ते डॉक्टर, ती सही नव्हे. इफिसकरांस पत्र २:८–९ मध्ये प्रेषित पौल हेच म्हणतो, की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते आणि ते आपल्याकडून झालेले नाही, ते देवाचे दान आहे. विश्वासाला गुणपत्रिकेतल्या गुणांसारखे मोजू लागलो, की तोही एक कर्मच होऊन बसतो, आणि मग पौलाने कर्माविषयी घेतलेला सारा आक्षेप त्यालाही लागू पडतो. याला एक पुरवणी आहे: गलतीकरांस पत्र २:१६ मधील ग्रीक शब्दयोजनेचा अर्थ ‘ख्रिस्तावरील विश्वास’ असा घ्यावा की ‘ख्रिस्ताची निष्ठा’ असा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गट जाणकार असेल तरच हे काढावे.

तिसरा शब्द ‘सार्वकालिक’. त्यामागचे ग्रीक विशेषण ‘आयोनिओस’ युग या अर्थाच्या नामापासून आले आहे. सार्वत्रिक तारण मानणारे त्याचा अर्थ ‘येणाऱ्या युगातील’ असा करतात आणि शिक्षेला शेवट असू शकतो असे म्हणतात. त्यावर संत ऑगस्टिनचा पलटवार जुना पण अजून धारदार आहे: मत्तय २५:४६ मध्ये एकाच वाक्यात शिक्षेलाही आणि जीवनालाही तेच विशेषण लावले आहे, मग एकाला शेवट असेल तर दुसऱ्यालाही असावा लागेल. हा युक्तिवाद टाळून पुढे जाणारा अभ्यास मला अपुरा वाटतो.

शब्दांसाठी घरात असतील तेवढी मराठी भाषांतरे जवळ ठेवावीत. बायबल सोसायटीची प्रत बहुतेकांकडे असते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मिळाले तर उत्तमच.

वचने मोजू नयेत, अध्याय वाचावेत

वहीच्या दुपानी कागदावर दोन रकाने आखून एका बाजूला ‘सर्व’ म्हणणारी आणि दुसऱ्या बाजूला ‘विश्वास’ म्हणणारी वचने लिहिण्याची पद्धत सर्वत्र आहे. सुरुवातीला ती करू द्यावी. एकीकडे रोमकरांस ५:१८, ११:३२, १ करिंथकरांस १५:२२, कलस्सैकरांस १:२०, तीताला २:११. दुसरीकडे योहान ३:१८ आणि १४:६, मार्क १६:१६, प्रेषितांची कृत्ये ४:१२, रोमकरांस १०:९. दोन्ही रकाने भरले की कागद उलटा ठेवावा आणि अध्याय वाचायला घ्यावेत, कारण बहुतेक वचनांच्या आगेमागे दुसऱ्या रकान्याची पाठराखण करणारे काहीतरी असते. रोमकरांस ५:१८ सर्व माणसांना जीवन मिळाल्याचे सांगते, पण त्याच्या आधीच्या सतराव्या वचनात हे दान ‘स्वीकारणाऱ्यांचा’ उल्लेख आहे, आणि पुढे एकोणिसाव्यात ‘सर्व’ ऐवजी ‘पुष्कळ’ हा शब्द येतो. १ करिंथकरांस १५:२२ म्हणते की ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील. तेविसावे वचन लगेच ‘जे ख्रिस्ताचे आहेत ते’ असे म्हणते. उलट दिशेनेही तसेच आहे. योहान ३:१६ पाठ असलेल्यांना ३:१७ पाठ नसते, ज्यात पुत्र जगाचा न्याय करायला नव्हे, तर जगाचे तारण व्हावे म्हणून आला असे म्हटले आहे. आणि विश्वास न ठेवणाऱ्याविषयीच्या अठराव्या वचनाचा खुलासा एकोणिसावे करते, की त्याचा दोष प्रकाश आल्यावर अंधार पसंत करण्यात आहे. ज्याच्यापर्यंत प्रकाश आलाच नाही त्याच्याविषयी तेथे काही सांगितलेले नाही. १ तीमथ्य ४:१० तर एकाच दमात देवाला सर्व माणसांचा तारणारा म्हणते आणि ‘विशेषतः विश्वास ठेवणाऱ्यांचा’ असे जोडते. त्या ‘विशेषतः’वर एक संपूर्ण संध्याकाळ घालवावी असे माझे मत आहे, आमच्या गटाने ती घालवली आणि कोणी कंटाळले नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र मत्तय २५:३१–४६ या उताऱ्याला द्यावा, कारण तो दोन्ही पक्षांना अस्वस्थ करतो. सर्व राष्ट्रे समोर गोळा होतात आणि राजा कोणालाही ‘तू काय मानत होतास’ असे विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले काय, आजाऱ्याला भेटलास काय, तुरुंगात आलास काय, एवढेच विचारतो. उजवीकडचे लोकही चकित होतात, कारण आपण राजासाठी काही केले हे त्यांच्या गावीही नसते. विश्वासाची जाहीर कबुली हीच एकमेव अट मानणाऱ्याला येथे अडखळायला होते. पण डावीकडे गेलेल्यांसाठी हाच उतारा सार्वकालिक शिक्षा सांगतो, आणि तेथे सार्वत्रिक तारणवादी अडखळतो. शिवाय या भुकेल्या-आजाऱ्यांना राजा ‘माझे कनिष्ठ बंधू’ म्हणतो, ते म्हणजे जगातले सगळे गोरगरीब, की मत्तय १०:४०–४२ मध्ये सांगितलेले ख्रिस्ताचे शिष्य, हाही जुना वाद आहे, आणि तो लपवून उतारा सोपा करणे प्रामाणिकपणाचे नाही. सिस्टरबाई पस्तिसावे वचन मोठ्याने वाचत होत्या. ‘मला भूक लागली होती’ येथपर्यंत आल्या आणि थांबल्या, चष्मा काढून पदराने पुसला, पुस्तक शेजारच्या मुलीकडे दिले. त्यांच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची गरज कोणालाच पडली नाही.

याला जोडून प्रेषितांची कृत्ये यांतील दोन प्रसंग घ्यावेत. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी ‘माझे तारण व्हावे म्हणून काय करू’ असे विचारतो आणि उत्तर मिळते ते ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव’ हेच (१६:३०–३१). परंतु दहाव्या अध्यायातील कर्नेल्य हा रोमन शतपती ख्रिस्ताचे नाव ऐकण्यापूर्वीच प्रार्थना करतो, दानधर्म करतो, आणि ते देवापर्यंत पोहोचल्याचे देवदूत त्याला सांगतो. तरीही ख्रिस्ताविषयी सांगायला प्रेषित पेत्राला त्याच्या घरी पाठवले जातेच. ‘मग सुवार्ता सांगायचीच कशाला’ हा आक्षेप प्रत्येक गटात येतो, आणि त्याला याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

इतिहास थोडक्यात, मुंबईपाशी सावकाश

चर्चने या विषयावर पहिल्यापासून एकच सांगितले आहे, असे म्हणणारा गटात एक तरी असतो. त्याच्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या धर्मपंडिताने सर्व सृष्टी अखेरीस देवाकडे परत येईल असा विचार मांडला. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने त्याचे नाव पाखंड्यांच्या यादीत घातले. परंतु चौथ्या शतकातील निस्साचे ग्रेगरी तशीच आशा बाळगत होते आणि ते आजही संत म्हणून पूजनीय आहेत. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे वचन ज्यांच्या नावावर आहे, ते कार्थेजचे बिशप सिप्रियन चर्चपासून फुटून निघालेल्यांविषयी बोलत होते, कधी सुवार्ता न ऐकलेल्यांविषयी नव्हे. त्याच वचनाचा कठोर विस्तार १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेत झाला. आणि विसाव्या शतकात बोस्टनमधील लेनर्ड फीनी हे धर्मगुरू त्याचा शब्दशः अर्थ लावू लागले, तेव्हा १९४९ मध्ये रोमने तो अर्थ नाकारला. १९५३ मध्ये फीनी यांच्यावरच चर्चबाहेर होण्याची वेळ आली.

यानंतर १९६४ वर यावे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, चर्चविषयीचा आपला मुख्य दस्तऐवज जाहीर केला. त्याच्या सोळाव्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता किंवा त्याचे चर्च माहीत नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने, सदसद्विवेकाला कळेल तशी त्याची इच्छा पाळण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. ‘मिळू शकते’ हे क्रियापद अधोरेखित करावे. ‘मिळतेच’ असे तेथे नाही, आणि दोनच परिच्छेद आधी, चर्चची आवश्यकता ओळखूनही त्याला नाकारणाऱ्यांविषयी तोच दस्तऐवज कडक आहे. हे जाहीर झाल्यावर अकराच दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे प्रभुभोजनाच्या संस्कारानिमित्त होणारा कॅथलिकांचा मेळावा, भरली होती, आणि दुसऱ्याच दिवशी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. त्याच सुमारास मुंबईत झालेल्या धर्मपंडितांच्या परिसंवादात हान्स क्यूंग या स्विस कॅथलिक धर्मपंडितांनी, जगातील धर्मांना देवाच्या तारणयोजनेत कोणते स्थान आहे, याच विषयावर निबंध वाचला. आपल्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडला, हे ऐकून तरुण मुले ताठ बसतात.

प्रॉटेस्टंट मंडळींना हे सारे कॅथलिकांचे वाटू नये म्हणून नारायण वामन टिळकांची आठवण करून द्यावी. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. तिसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नाला एका मराठी कवीने कृतीने दिलेले हे उत्तर आहे. विश्वास आणि कर्मे यांवरील, सोळाव्या शतकातील सुधारक लुथरच्या काळापासूनचे कॅथलिक–प्रॉटेस्टंट भांडण निघालेच, तर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक चर्चनी याच वादावर सही केलेल्या संयुक्त घोषणेचा उल्लेख करून पुढे जावे. आज तो आपला विषय नाही.

प्रत्यक्ष बैठकीत

विषयासाठी दोन बैठका ठेवाव्यात, आणि पहिल्या बैठकीत निष्कर्ष काढायचा नाही हे आरंभीच जाहीर करावे. पाळकसाहेब किंवा फादर उपस्थित असतील तर त्यांना शेवटी बोलण्याची विनंती करावी, नाहीतर त्यांच्या पहिल्या वाक्यानंतर कोणी तोंड उघडत नाही. कोणा मृत व्यक्तीचे नाव घेऊन ‘ती तरली’ किंवा ‘ती नाश पावली’ असा निकाल कोणीही द्यायचा नाही, हा एकच नियम मी सक्तीने पाळतो; नाव प्रश्नात येऊ द्यावे, उत्तरात येऊ देऊ नये. खोलीत अन्य धर्माचा कोणी असेल, आणि मुंबईत तो असतोच, कोणाची सून, कोणाचा जावई, तर त्याच्यापुढे त्याच्याविषयी ‘ते लोक’ असे बोलू नये. प्रार्थनेने समारोप करायचा असल्यास अडचण अशी, की कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात आणि बहुतेक प्रॉटेस्टंट करत नाहीत. आम्ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो. दोन्हीकडचे शब्द थोडे वेगळे असल्याने एकच पाठ कागदावर छापून वाटतो, तरीही दोन ओळींवर घोळ होतोच.

‘तुमचे स्वतःचे मत काय’ असे कोणी विचारले तर ते मी बैठकीत सांगत नाही, खुर्च्या आवरताना सांगतो. तारण ख्रिस्तामुळेच होते असे मी मानतो, आणि विश्वास म्हणजे ते घेण्यासाठी पुढे केलेला हात आहे. तो हात कोणी, केव्हा, कोणत्या नावाने पुढे केला हे पाहण्याचा अधिकार मला नाही. सर्व जण तरतील असे मी शिकवणार नाही, कारण माणसाचा नकार देवही खरा मानतो असे शास्त्र वाचून मला वाटते. पण सर्वांनी तरावे अशी आशा धरून प्रार्थना करायला मला कोणतेच वचन अडवत नाही. सिस्टरबाईंनी हे ऐकून घेतले आणि खुर्ची माझ्या हातात देत म्हणाल्या, ‘‘डबा अजून माझ्याकडेच आहे. त्यांच्या सुनेला परत करायला गेले, तर तिने त्यात लाडू भरून पुन्हा मलाच दिला.’’